पळसदेवची सीनरी

नागेशच्या घरात विमान आलं ते सत्त्याण्णव सालच्या दिवाळीत, आणि माळेगावला कारखान्याच्या वसाहतीत ती बातमी एका दुपारीत सगळीकडं झाली. विमान म्हणजे काय, तर पुण्याहून सुटे भाग आणून जोडलेला कॉम्प्युटर आणि त्यावर चालणारा विमान उडवायचा खेळ. खेळ म्हटलं की नागेशला राग यायचा. "सिम्युलेटर म्हणायचं," तो समजावून सांगायचा. वसाहतीनं ते नीट ऐकून घेतलं आणि पुढंही 'नाग्याचं इमान' असंच म्हणत राहिली.

नागेश कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होता, उसाच्या वजनाच्या पावत्या छापायचा. वडील कारखान्यातच फिटर होते, ते वारले. घरात तो आणि आई द्वारकाबाई. पोरगा निर्व्यसनी, मान खाली घालून चालणारा, कुणाच्या अध्यात न मध्यात. त्याचा एक स्वभाव मात्र लहानपणापासून होता: अर्धं काम तो कुणाला दाखवायचा नाही. शाळेत चित्र पुरं झाल्याशिवाय वहीवरचा हात काढायचा नाही. घंटा झाली, मास्तर गेले, तरी हात तिथंच. आईला त्याचं कौतुक वाटायचं. स्वभावाला औषध नाही हे तेव्हा तिच्या ध्यानात कुठून येणार?

तर त्या सिम्युलेटरमध्ये सगळं जग होतं, पण ते मोठ्या घरच्या जेवणावळीसारखं होतं. पहिल्या पंगतीला जिलेबी आणि मागच्या पंगतीला नुसता भात. अमेरिकेतल्या शहरांना पूल होते, मनोरे होते, समुद्रावर बोटी होत्या. आपल्याकडं मुंबईला एक धावपट्टी, आणि ती सोडून निघालं की खाली नुसती हिरवट-मातकट जमीन. बारामती, भिगवण, इंदापूर, सगळं एकाच रंगाचं फडकं. मग ज्याला भात पुरत नाही त्यानं वाढून घ्यायचं. परदेशातले हौशी लोक आपापली शहरं तयार करून वाटायचे. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर एक तबकडी यायची, तिच्यात ती सापडायची. याला म्हणायचं सीनरी.

सीनरी बसवायची म्हणजे तिच्या फाइली एका ठरावीक फोल्डरात टाकायच्या, भिंती-छपरांची चित्रं दुसऱ्या फोल्डरात, आणि मग सिम्युलेटरच्या यादीत नव्या मुलखाचं नाव घालून ते जुन्याच्या वर चढवायचं. नागेश पहिल्यांदा हे वर चढवायचंच विसरला. मोठ्या थाटात त्यानं आईला बोलावलं, खुर्चीवर बसवलं, विमान उडवलं, आणि तासभर दोघं नुसत्या समुद्रावर फिरले. शहर होतं, पण जुन्या पाण्याच्या खाली.

"माणसं कुठं हायती रं?" द्वारकाबाई विचारत होत्या.

"थांब की. येतील."

दुसऱ्या दिवशी चूक सापडली आणि ढगांतून खाली येता येता एकदम अख्खं बंदर दिसलं. गगनाला टेकलेल्या इमारती, मधून पाण्याची पट्टी, आणि पाण्यात घुसलेली धावपट्टी. विमान कलंडलं तशा द्वारकाबाईही खुर्चीत कलंडल्या आणि त्यांनी टेबलाची कड धरली. "अगं बया! एवढ्या माड्या, आन् एकीच्या बी गच्चीवर वाळवण न्हाय. ही माणसं खात्यात तरी काय?" नागेश हसला. त्यानंतर रोज कामावरून आला की मायलेकरं चहा घेऊन कुठंतरी जाऊन यायची. पुढच्या पावसाळ्याचे चार महिने तर त्या घरानं फार सुखात काढले, हे सांगितलंच पाहिजे.

दुसरी दिवाळी झाली आणि हिंदुरावतात्या स्थळ घेऊन आले. तात्या म्हणजे द्वारकाबाईंचे चुलतभाऊ, राहणार सणसर. सोयरीक जुळवणं हा त्यांचा धंदा नव्हता, पण नाद होता, आणि नाद धंद्यापेक्षा वाईट. "पळसदेवच्या दत्तोबांची लेक," ते म्हणाले. "वैजयंता. बी. कॉम. झालीया इंदापूरच्या कॉलेजात. दत्तोबाचा बाप मेंढरं राखायचा. धरणाचं पाणी आलं, ह्यांनी मोटर टाकली आन् ऊस लावला. माणूस सरळ हाय. आक्का, पोरगी बघून या, मग मला बोला."

रविवारी जीप करून सगळे पळसदेवला गेले. पोहे झाले, चहा झाला, दत्तोबा आणि तात्या पाण्याच्या पातळीवर बोलले. मग तात्यांनीच सुचवलं, "आता शिकलेली पोरं हायती, दोन शब्द बोलू द्या की त्यांना." म्हणून नागेश आणि वैजयंता मागच्या ओट्यावर बसली. लांब नव्हे, उंबऱ्यात तिची आत्या तांदूळ निवडत होती आणि तिचे कान तांदळात नव्हते.

नागेशनं बराच वेळ घसा साफ केला आणि विचारलं, "तुम्हाला कॉम्प्युटर येतो का?"

"कॉलेजात एक होता," वैजयंता म्हणाली. "त्याला कायम कव्हर घातलेलं असायचं. कव्हर चांगलं पाठ झालंय माझं."

नागेशला हसू आलं आणि त्याची जीभ सुटली. त्यानं विमानाचं सांगितलं, सीनरी कशी बसवतात ते सांगितलं, आई कशी कलंडते ते करून दाखवलं. ती पदर सावरत ऐकत होती, पण उगीच मान डोलवत नव्हती. मग म्हणाली, "आणि त्यातनं आमचं गाव दिसतं का?"

"नाही. इकडं सगळं कोरं आहे."

"कोरं कसं? एवढं पाणी हाय की."

ओट्यावरून उजनी धरणाचं पाणी दिसत होतं; जुनं गाव त्याच्याच खाली गेलेलं. दूरवर जुन्या देवळाच्या शिखराचा शेंडा तेवढा वर होता. त्याच्याकडं बघत ती म्हणाली, "आबा रोज सांगत्यात. हितं चावडी होती, तितं आपलं घर, ही वाट देवळाला जायची. मी जन्मल्यापासून नुसतं पाणीच बघितलंय. एकदा वरनं बघायला मिळालं तर त्यांचं सांगणं कळंल तरी."

"मी करतो," नागेश म्हणाला. "जुनं गाव पण, नवं पण. पुरं झालं की दाखवतो."

"खरंच?"

"खरंच."

"मग मी बघीन," वैजयंता म्हणाली, आणि पहिल्यांदा सरळ त्याच्याकडं बघितलं. उंबऱ्यातला तांदळाचा आवाज थांबला होता. यापेक्षा वेगळा होकार-नकार त्या ओट्यावर कुणी द्यायचा नसतो. जे व्हायचं ते झालं होतं.

परतताना जीपमध्ये तात्यांनी विचारलं, "काय, सांगू का उद्याच?"

"पसंत आहे," नागेश म्हणाला. "पण निरोप जरा थांबू द्या तात्या. माझं एक काम होऊ दे."

इथं त्याच्या घोड्यानं पेंड खाल्ली. त्याच्या मनात असं होतं की नुसता होकार काय, कुणीही देतो. आपण होकार पाठवायचा तो गावासकट. 'गाव तयार आहे, बघायला या,' एवढंच तात्यांनी जाऊन सांगायचं आणि तिनं ओळखायचं. हे तो आईला बोलला असता तर आईनं त्याला वेड्यात काढलं असतं आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला असता. पण तो बोलला नाही, लाजला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. हा असा नवरा की बाशिंग बाजूला ठेवून मांडवाचं चित्र काढत बसला. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, ही म्हण त्यानं फार मनावर घेतली आणि घरापासून सुरुवात केली.

आणि आपल्याकडची रीत अशी की बघून गेल्यावर निरोप द्यायचा तो मुलाकडच्यांनी. मुलीच्या बापानं वाट बघायची, विचारायचं नाही. विचारलं तर लोक म्हणणार, पोरगी जड झालीय. दत्तोबा वाट बघत बसले. द्वारकाबाईंना वाटलं, पसंत म्हणाला तरी पोरगा अजून मनात तोलतोय, तोलू द्या. आपली मुलाची बाजू, आपल्याला कसली घाई?

कारखान्याचा हंगाम जोरात होता, पण कामावरून आला की नागेश टेबलाला बसायचा. सीनरी बनवायचं साधन त्याच तबकडीवर सापडलं होतं. पाटबंधारे खात्यातल्या एका ओळखीच्या माणसानं नकाशा दाखवला, त्यावरून त्यानं बिंदू बिंदू टिपून घेतले. आधी बारामतीच्या एमआयडीसीतली धावपट्टी केली, म्हणजे निघायला जागा झाली. मग नीरेचा डावा कालवा काढला, त्याच्या कडेनं इंदापूरचा रस्ता, उसाचे फड. कारखान्याची चिमणी तीन दिवस वाकडीच उभी राहायची, ती सरळ केली. मग सणसर, आणि सणसरावरून डावीकडं वळलं की पुढं उजनीचं पाणी. पहिल्यांदा कोऱ्या फडक्यावर ती कालव्याची निळी रेघ उमटली तेव्हा तो खुर्चीतून उठून उभा राहिला. परदेशातलं एवढं मोठं बंदर बघून जे झालं नव्हतं ते त्या एका रेघेनं झालं. आपला मुलूख वरून असा दिसतो तर, असं मोठ्यानं म्हणाला आणि एकटाच हसला.

पळसदेव मात्र नकाशावरून होईना. नकाशात ठिपका होता, घरं नव्हती. जुन्या गावाचं तर काहीच नव्हतं. म्हणून सुटीच्या दिवशी तो गाडी काढून, होकायंत्र आणि कागद घेऊन पळसदेवला गेला. वैजयंताच्या घरी जायचं त्याच्या मनातही आलं नाही. बोलणी पक्की झाल्याशिवाय मुलानं मुलीच्या दारात एकट्यानं जाऊ नये, एवढं वळण त्याला होतं. तो गेला छबूबाईच्या किराणा दुकानात. छबूबाई जुन्या गावातल्या, आणि गावाची कुठलीही गोष्ट त्यांच्या दुकानावरून गेल्याशिवाय पुढं जात नसे.

"मावशी, दत्तोबांचं जुनं घर कुठं होतं हो?"

छबूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. बघायला आलेला पाव्हणा त्यांनी लगेच ओळखला. "का बरं?"

"सहज. केवढं होतं? कुणाच्या शेजारी?"

त्यांनी सांगितलं. नागेश लिहून घेत होता. भाऊ किती? वाटणी कधी झाली? झाल्यावर घराचे भाग किती पडले? गावातून सगळ्यांच्या आधी उठले का नंतर? शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत होती का मध्ये बोळ होता? सीनरीत घर म्हणजे नुसता एक डबा, म्हणून त्याला घरांची संख्या आणि दिशा पाहिजे होती. दुकानापुढं आणखी दोघं-तिघं जमली, त्यांनीही भर घातली. मग तो पाण्याकडेच्या भरावावर जाऊन उभा राहिला, होकायंत्र धरून चारी बाजूंनी घरं मोजली, दत्तोबांच्या घराचं छप्पर पत्र्याचं आणि पुढं लिंबाचं झाड, असं टिपलं. लांबून परसात कुणीतरी भांडी घासत होतं. ती असेल असं वाटून त्यानं मान फिरवली.

जाताना छबूबाई म्हणाल्या, "पाव्हणं, दत्तोबाच्यात न्हाय जायाचं? पाणी तरी घ्या जावा."

"नको आज," नागेश म्हणाला. आणि हौसेच्या भरात, पुढं जाऊन, त्यानं वर सांगितलं, "आणि मी आलो होतो हे त्यांना सांगू नका."

माणसानं आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा किती नेमका पाडून घ्यावा! तो गाडीवर शीळ घालत माळेगावला आला.

पुढं पौष लागला. द्वारकाबाईंनी विचारलं, तर नागेश म्हणाला, थोडं राहिलंय. "असू दे," त्या म्हणाल्या, "पौषात तसाबी निरोप देत न्हाईत." माघात तात्या आले ते तणतणतच. "आक्का, पळसदेवला काय सांगू? रस्त्यात दत्तोबा गाठ पडला तर मला तोंड लपवावं लागतंय."

"थोडंच राहिलंय तात्या," नागेश म्हणाला.

"अरं, काय राहिलंय? पोरीचं गणित मांडलंयस व्हय सोडवायला?"

त्या वेळी टेबलावर पळसदेव होतं. जुन्या गावाचे बोळ बसले होते, देवळाचं शिखर राहिलं होतं. नागेशनं तात्यांना नुसतं तेवढं दाखवलं असतं, तरी तात्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता आणि तसेच एस.टी.नं पळसदेव गाठलं असतं. पण शिखर राहिलं होतं. अर्धं कसं दाखवायचं? त्यानं पडदा बंद केला आणि म्हणाला, "सांगतो मी." तात्या चहा न घेता गेले.

शिमगा झाला आणि काम पुरं झालं. त्यानं दोन सीनरी केल्या होत्या: एक भरल्या पाण्याची, दुसरी पाणी नसल्याची. यादीत ज्या नावापुढं खूण करावी ती दिसायची. संध्याकाळी त्यानं आईला बसवलं. बारामतीवरून उडाले, कालव्याच्या कडेनं सणसर, तिथून डावीकडं. उजनीचं पाणी समोर पसरलं आणि कडेला घरं दिसली. द्वारकाबाई पुढं वाकल्या. "हे... हे तर दत्तोबाचं घर. त्यो लिंब. आपुन पव्हं खाल्लं तितं!"

"आई, आता निरोप पाठव. पसंत आहे म्हणावं. आणि म्हणावं, गाव तयार आहे, बघायला या."

द्वारकाबाई पडद्याकडं बघत राहिल्या, मग पोराकडं. "ह्येच्यासाठी थांबला व्हतास तू?"

"हो."

"मला सांगायचं न्हाय व्हय रं?" त्या एवढंच म्हणाल्या.

तात्या दुसऱ्या दिवशी जाऊन आले. आल्यावर मोरीवर बराच वेळ पाय धूत राहिले. मग खाटेवर बसले आणि टोपी काढली.

"टिळा झालाय पोरीचा. माघातच. टेंभुर्णीचं स्थळ हाय. वैशाखात लगीन."

तात्या नागेशकडं बघून म्हणाले, "तू पळसदेवला गेल्तास?"

"हो. एकदा."

"दत्तोबा मला दारातच म्हणाला, 'या हिंदुराव. तुमच्या पाव्हण्यांची चौकशी झाली का पुरी? काय डाग घावला आमच्यात, तेवढं तरी सांगा.' मला काय बी ठाव न्हाय. म्हणलं, कसली चौकशी? तर म्हणाला, पोरगा गावात येऊन दुकानावर बसला, किती भाऊ, वाटणी का झाली, भांडणं कुणाशी, समदं लिहून घेतलं. घरात पाय ठेवला न्हाय. आन् जाताना बजावून गेला, आलो व्हतो म्हणून सांगू नका. त्येच्यानंतर दोन महिनं निरोप न्हाय. गावात काय उठलं आसंल? उठलं की पोरीत कायतरी हाय. बापानं काय करायचं? जे पयलं स्थळ आलं त्येला दिली."

"तात्या, मी घरं मोजायला गेलो होतो," नागेश म्हणाला. "भांडणं नाही विचारली मी. भिंती विचारल्या."

त्यानं सगळं सांगितलं. मग कॉम्प्युटर लावून दाखवलं. तात्या पडद्यावरचं पळसदेव बघत राहिले. शेवटी म्हणाले, "आन् सांगू नका म्हणून कशाला म्हणलास?"

"झाल्यावर एकदम दाखवायचं होतं."

द्वारकाबाई आतून म्हणाल्या, "बैल गेला आन् झोपा केला." मग त्यांनाच रडू आलं. नागेश म्हणत होता, मी जातो, दत्तोबांना समजावतो. तात्यांनी त्याचा दंड धरून खाली बसवला. "टिळा झालेली पोरगी हाय ती. तू तितं जाऊन काय सांगणार? टेंभुर्णीला कळलं तर त्यो बी टिळा मोडंल. एकदा बदनामी झाली तेवढी पुरं न्हाय का?" ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच नागेशला त्यावर काही करता आलं नाही.

लग्न वैशाखात झालं. नागेशनं ती सीनरी पुसली नाही. यादीतली तिची खूण तेवढी काढली. मग कधी विमान उडवलंच तर बारामतीच्या पुढं तेच जुनं फडकं असायचं, आणि तो कालव्यापाशी पोचायच्या आत परत फिरायचा. परदेशातल्या सीनरीच्या तबकड्या येत राहिल्या, त्या त्यानं उघडल्याही नाहीत. आणखी स्थळं आली, त्यानं बघितली. द्वारकाबाई आता त्याला विचारायच्या नाहीत, त्याचं तोंड बघून दुसऱ्याच दिवशी निरोप देऊन मोकळ्या व्हायच्या, आणि निरोप नकाराचाच असायचा. त्याला पश्चात्ताप झाला म्हणणं सोपं आहे. त्याला राग येत होता, स्वतःच्या हाताचा. जो हात शाळेत चित्रावरून निघत नव्हता, त्याच हाताचा.

दुसऱ्या वर्षी माळेगावात तात्यांच्या दुसऱ्या एका भाच्याचं लग्न होतं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि दुपारी नागेशच्या दारात दत्तोबा उभे. एकटेच. पांढरी टोपी, हातात काठी, लग्नातला नारळ काखेत.

"येऊ का?" ते म्हणाले. "हिंदुरावनं सांगितलं मला. औंदा सांगितलं. तवर म्या त्येच्या तोंडाला बी लागलो न्हवतो."

नागेशनं त्यांना खुर्ची दिली. द्वारकाबाईंनी पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. दत्तोबा इकडं तिकडं न बघता टेबलाकडं बघत होते. "हाय का ते अजून?"

नागेशनं कॉम्प्युटर लावला, यादी उघडली आणि खूण केली. विमान धावपट्टीवरून उडालं. कालवा गेला, सणसर गेलं. पाणी आलं तसे ते म्हणाले, "थांबिव."

"थांबत नाही आबा ते. फिरवतो."

"फिरिव मग." त्यांनी बोट लावलं. "ह्यो माझा पत्रा. ह्ये छबीचं दुकान. आरं, ह्यो लिंब बी घातलास?" मग हळूच, "आन् ते खालचं?"

नागेशनं दुसरी खूण केली. पाणी गेलं आणि जुनं गाव वर आलं: चावडी, बोळ, एकाला एक लागून घरं, देवळाची वाट. घरं म्हणजे मातकट डबे होते, पण जागच्या जागी होते. दत्तोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ ते त्या डब्यांकडं बघत होते आणि ओठ हलत होते. एकेका घराचं नाव घेत असतील.

"तिनं सांगितलं व्हतं मला," ते म्हणाले. "तू भरावावर हुबा व्हतास, तवा ती परसात भांडी घाशीत व्हती. वळीखलं तिनं. छबी बोलत आली तवा ती मला म्हणली, 'आबा, ते चौकशी न्हाईत करत. ते घरं मोजत्यात. गाव करायचं म्हणले व्हते.' आमी समदी हसलो तिला. ती म्हणली, 'मग तुमी जाऊन इचारा.' म्या न्हाय आलो. पोरीच्या बापानं कसं इचारायचं? टेंभुर्णीची माणसं आली त्या दिशी बी म्हणली, 'चार दिस थांबा आबा, त्यांचं काम ऱ्हायलं आसंल.'"

नागेशला पडदा दिसेनासा झाला. विमान आपोआप एका बाजूला कलंडत चाललं, ते त्यानं अंदाजानं सावरलं. त्या सगळ्या माणसांत, त्याच्या आईसकट, त्याचं काम काय आहे ते एकाच माणसाला कळलं होतं. आणि ते न दाखवता कळलं होतं. दाखवायची गरजच नव्हती.

"कशी आहे ती?" त्यानं विचारलं.

"नांदतीया. दीड महिन्याची पोरगी हाय. जावई बरा हाय." दत्तोबांनी टोपी हातात फिरवली. "शिमगा यायच्या आधीच तिनं तुमचं नाव घ्यायचं सोडलं. मला म्हणली, 'आबा, तुमीच खरं. माझंच चुकलं माणूस वळखायला.' तसं म्हणली, मग हळद लावून घेतली तिनं." ते थांबले. "पाव्हणं, एक मागतो. ह्ये झालंय म्हणून तिच्या कानावर जाऊ देऊ नका. हिंदुरावला बी म्या बजावलंय. तिला वाटतंय तुमी चौकशीच केली आन् सोडून दिलं. ते तसंच ऱ्हाऊ द्या."

"नाही कळू देणार," नागेश म्हणाला.

दत्तोबांनी मान हलवली. डोळे पुसले, टोपी घातली, नारळ टेबलावर ठेवला. उठतील असं वाटलं, पण उठले नाहीत. खुर्ची पडद्याजवळ ओढून ते म्हणाले, "मग अजून एक डाव फिरवून आण. घराच्या अंगानं जरा खालनं घे." नागेशनं विमान वळवलं.